चिपळूणमधलं एक किचन आणि प्लायवरचा कागद : कामाच्या नोंदी

५ एप्रिल २०२५

काम : बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतलं तळमजल्याचं किचन. ओट्याखालचे सगळे कप्पे, सिंकखालचा भाग, वरची कपाटं आणि कोपऱ्यात धान्याचं एक उंच कपाट. ओटा तसाच ठेवायचा. काकू एकट्या राहतात, मुलगा ठाण्याला असतो. तो आईच्या फोनवर प्लायविषयीचे लेख पाठवतो, काकू ते मला पाठवतात आणि खाली लिहितात, "हे बघ रे, यात काय म्हटलंय."

आज जुनं सामान काढलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा हे किचन बुडालं होतं. नंतर धुऊन, वाळवून तेच वापरात राहिलं. खोकी पार्टिकल बोर्डाची आहेत, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबलेला. खालच्या वीतभर पट्ट्यात बोर्ड फुगून पावासारखा झालाय, बिजागरीचा स्क्रू पेचकसाशिवाय नुसत्या बोटांनी बाहेर आला. वरचा सनमायका मात्र नव्यासारखा चकचकीत, त्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं. काकूंनी जुनं बिल काढून दाखवलं. त्यावर 'वॉटरप्रूफ बोर्ड' असं छापलंय. पार्टिकल बोर्डाला हा शब्द कोणी लावला असेल तो लावो.

रात्री लेख वाचले. बराच भाग चुकीचा आहे, पण निव्वळ बनावट वाक्य क्वचितच सापडतं. कुठल्या तरी बोर्डाबद्दल, कुठल्या तरी देशात ते खरं असतं. तिथून उचलून भलत्याच बोर्डावर डकवलेलं. म्हणून वाचणाऱ्याला शंका येत नाही. प्रत्येक गिऱ्हाईक हीच वाक्यं घेऊन येतं, तेव्हा या कामासोबत दोन पानांचा एक कागद तयार करतो. मोजमापं घ्यायला आलो की तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

८ एप्रिल

पहिला घोळ ग्रेडचा, म्हणजे प्लाय पाण्याला किती टिकतो त्या दर्जाचा. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, बीडब्ल्यूआर म्हणजे बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट, आयएस म्हणजे भारतीय मानक. एका लेखात 'एमआर म्हणजे वॉटरप्रूफ', दुसऱ्यात 'आयएस ३०३ चा मरीन', तिसऱ्यात 'बीडब्ल्यूआर ७२ तास पाण्यात टिकतो'. तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी.

कागदावर असं लिहिलं : एमआर हवेतला ओलावा सोसतो, पाणी नाही. त्यात साधारणपणे युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो आणि चाचणीत नमुना ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात ३ तास ठेवतात. बीडब्ल्यूआरचा नमुना उकळत्या पाण्यात ८ तास. हे दोन्ही ग्रेड १९८९ च्या आयएस ३०३ मधले. मरीनचं मानक वेगळं, आयएस ७१०. त्यात फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा गोंद आणि ७२ तास उकळणं. '७२ तास पाण्यात' लिहून 'उकळत्या' हा शब्द गाळला की अख्खी चाचणी बादलीत बुडवण्याइतकी सोपी होते. गार पाण्यात तीन दिवस बरेच बोर्ड तग धरतील.

दुसरी गोष्ट लेखांत जवळपास कुठेच नाही. या सगळ्या चाचण्या थरांमधल्या गोंदाच्या आहेत. कपाटाच्या नाहीत.

१० एप्रिल

वर्कशॉपमध्ये जुन्या कामांचे तुकडे पडलेले होतेच. एमआर, बीडब्ल्यूआर आणि ७१०, प्रत्येकाचा हातभर तुकडा. त्यातला ७१० चा तुकडा सनमायका लावलेला. मोठ्या पातेल्यात पाणी, वरून दगडाचं वजन आणि गॅस. सकाळी चढवलं, दुपारच्या जेवणापर्यंत उकळू दिलं. प्रयोगशाळेत थर ओढून ताकद मोजतात, तसलं काही इथे नाही, नुसतं डोळ्यांनी बघायचं.

एमआरचा थर कोपऱ्यातून नखाने सुटला. मिस्त्रींनी पटाशी घातली तर अख्खा पापुद्रा निघाला, आतला गोंद पिठासारखा. बीडब्ल्यूआर फुगला पण सुटला नाही. ७१० चा बोर्डही धडधाकट, पण त्याच्यावरचा सनमायका गोगलगाईसारखा सरकून पातेल्याच्या तळाशी गेलेला. तो नेहमीच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला होता.

आणखी एक. ७१० च्या तुकड्याच्या एका कडेतून बराच वेळ बुडबुडे येत होते. तो तिथेच करवतीने उभा कापला. मधल्या थरात दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या बोटाएवढी फट, पाणी तिथून थेट आतपर्यंत गेलेलं. फटीच्या दोन्ही बाजूंचा गोंद शाबूत. म्हणजे ग्रेड खरा, शिक्का खरा, गोंदानेही आपलं काम केलं, तरी पाणी आत शिरलंच.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पानी किनारे से आता है, ऊपर से नहीं." कागदाच्या पहिल्या ओळीत हेच जायला हवं. लोक सगळा पैसा ग्रेडवर घालतात आणि कापलेल्या कडा उघड्या सोडतात. ओट्याखालच्या खोक्याची खालची कड, जमिनीकडची, तिला लिपिंगही (कडेवरची पट्टी) नाही आणि सीलरही (पाणी अडवणारा लेप) नाही, कारण ती दिसत नाही.

१४ एप्रिल

'मरीन प्लायला वाळवी लागत नाही.' हे वाक्य मुलाने पिवळ्या रंगात खुणावून पाठवलं.

गोंद पाण्यासाठी असतो, वाळवीला गोंदाचं काही पडलेलं नाही. आयएस ७१० मध्ये लाकडावर संरक्षक रसायनाची प्रक्रिया सांगितलेली आहे. तो भाग कारखान्याने नीट केला असेल तर किड्यापासून संरक्षण मिळतं, पण ते त्या प्रक्रियेमुळे, 'मरीन' असल्यामुळे नाही. भुग्याचा किडा आणि वाळवी यांत लेख फरकच करत नाहीत. किडा लाकडातल्या पिष्टमय भागात असतो, बारीक भोकातून पिठासारखा भुगा पडतो. वाळवी जमिनीतून मातीची नळी बांधत येते. इथे चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, खाली ओल, दाराच्या जुन्या चौकटी, सगळी सोय आहे तिची. तेव्हा खोकं भिंतीला आणि फरशीला टेकवायचं नाही, खाली पीव्हीसीचे पाय, मागे बोटभर जागा, नळी दिसली तर दिसायला हवी. पायांपुढची पट्टी क्लिपने निघणारी.

१७ एप्रिल

दुकानात माल बघायला. शिक्का कसा वाचायचा ते काकूंनाही दाखवलं, त्या हौसेने सोबत आल्या होत्या. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, खाली सीएम/एल आणि परवान्याचा आकडा. तो आकडा मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. काकूंनी तिथेच फोन काढला. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण परवाना बरोबर निघाला आणि त्याने स्वतःच चहा मागवला.

जाडी. लेख म्हणतो, 'पाऊण इंच म्हणजे १८ मिमी, १८ आणि १९ एकच.' पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. अमेरिकेत पाऊण इंची म्हणून विकला जाणारा बांधकामाचा प्लाय प्रत्यक्षात २३/३२ इंच, म्हणजे १८.३ मिमीच्या आसपास असतो. तिथलं वाक्य इथे आलंय. आपल्याकडे शिक्क्यावर १९ असेल तर ६ मिमी आणि त्यापुढच्या जाडीला ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खालची हद्द १८.०५. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. बहुतेक फळ्या १८.२ ते १८.५ मध्ये, एकीचा कोपरा १७.६. ती बाजूला काढायला लावली. हा फरक उगाच किरकोळ वाटतो. एका खोक्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या जाडीच्या निघाल्या की ट्रॉलीचं चॅनेल घासतं आणि मग गिऱ्हाईक चॅनेलला शिव्या घालतं.

'जड तो चांगला.' आठ बाय चारची १९ मिमीची फळी म्हणजे ०.०५६६ घनमीटर. लाकडाची घनता घनमीटरला ६०० किलो धरली तर ३४ किलो. पॉप्लरची हलकी भरेल, नीलगिरीची जड, आणि ओल धरलेली त्याहून जड. वजनावरून एकाच जातीच्या दोन फळ्या ताडून बघता येतात, एवढंच.

'काळी रेघ दिसली की मरीन.' फिनॉलचा गोंद कडेवर गडद दिसतो हे खरं, पण तो बीडब्ल्यूआरमध्येही असू शकतो आणि गोंदात रंगही घालता येतो.

'शुद्ध बर्मा गर्जन.' म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली. शिवाय गर्जन (हे एक झाड) म्हणतात ते बहुतेक वेळा फक्त वरचं कातडं, कागदाएवढं पातळ. आतली लाकडं दुसरी. ओलं फडकं घासलं तर एका नमुन्याचा लाल रंग फडक्याला लागला. लाल रंगावर भाळून लोक पैसे मोजतात.

थर मोजण्याऐवजी कड बघावी. फटी, एकावर एक चढलेले थर, पुट्टीने बुजवलेली भोकं. मी फळी उभी करून पोकळ आवाजासाठी बोटाच्या पेराने ठोकत जातो. हे कुठल्या मानकात नाही, पण पोकळ जागा कळते.

२३ एप्रिल

आज भिंतीचा लेख. मराठीतच आहे, पण भिंत अमेरिकेतली. 'दर १६ इंचांवर लाकडी खांब शोधा आणि त्यात कपाट कसा.' तिथली घरं लाकडी सांगाड्याची, वर जिप्सम बोर्ड, खांबांतलं अंतर १६ इंच, त्यामुळे तिथे हा सल्ला चोख. आमच्याकडे चिरा. त्याला भोकं असतात, काही चिरे ढेकळासारखे मऊ. हॅमर लावून ड्रिल मारलं तर भोक वाटीएवढं होतं आणि स्क्रूची प्लास्टिकची गिट्टी आत गरगर फिरते. हॅमर बंद ठेवून, एका नंबरने बारीक बिट, लांब गिट्टी. मऊ चिरा लागला तर ती जागा सोडून द्यायची किंवा केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारा गोंद) भरायचा. वरच्या कपाटांसाठी सबंध लांबीची लोखंडी पट्टी आधी भिंतीला, कपाटं तिच्यावर टांगायची, म्हणजे वजन एका गिट्टीवर येत नाही.

त्याच लेखात 'दोन फळ्यांमध्ये एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट ठेवा.' हा नियम छपराला आणि जमिनीला ठोकायच्या प्लायचा, पावसात उघडा पडला तर फुगायला जागा हवी म्हणून. किचनच्या खोक्यात एक सूत फट म्हणजे झुरळांना घर.

३ मे

काकूंचा खरा प्रश्न कुठल्याच लेखात नाही. "परत पूर आला तर?"

७१० लावला तर बोर्ड कदाचित वाचेल. पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, चिखल असतो, कधी डिझेल, गटार. तो चॅनेलच्या बेअरिंगमध्ये, बिजागरीत, फटींत बसतो. २०२१ नंतर चांगल्या बोर्डाची कपाटंही लोकांनी वासामुळे फेकलेली मी पाहिली आहेत. 'मरीन घ्या, पूर आला तरी चिंता नाही' असं लिहिणाऱ्याने गाळ उपसलेला नसावा.

बसून ठरवलं ते असं. ओट्याखाली उभ्या कडप्प्याच्या फळ्या, त्यांच्यावरच ओटा आणि चॅनेल. सिंकखाली प्लाय अजिबात नाही, कडप्पा आणि ॲल्युमिनियमची चौकट. प्लाय फक्त शटरला आणि वरच्या कपाटांना. शटरच्या बिजागऱ्या क्लिपवाल्या, दाबलं की शटर हातात. ट्रॉल्या स्टीलच्या, चॅनेलवरून उचलून निघणाऱ्या. पाणी वाढतंय असा भोंगा झाला तर दोन माणसं शटर आणि ट्रॉल्या जिन्यावर नेऊ शकतात, खाली उरतो दगड. दगड धुता येतो.

खर्च? सगळीकडे ७१० लावण्यापेक्षा कमी येतोय. कडप्पा दिसायला जुनाट असं मुलाचं म्हणणं. काकू म्हणाल्या, "त्याला म्हणावं, शटर बंद केल्यावर काय दिसतं ते सांग." विषय संपला.

शटरसाठी बीडब्ल्यूआर पुरे आहे. ७१० चा हट्ट नाही. उरलेला पैसा कडांच्या लिपिंगवर आणि बऱ्या बिजागऱ्यांवर.

९ मे

उंच कपाटाचं शटर. सात फूट. लेख सांगतो, 'ब्लॉकबोर्ड हलक्या दर्जाचा, प्लायच घ्या.' लांब शटरला नेमकं उलटं. ब्लॉकबोर्डच्या आतल्या पट्ट्या लांबीत असतात, त्यामुळे तो कमी वाकतो आणि वजनाला हलका. पट्ट्या उभ्या यायला हव्यात, आडव्या कापल्या तर सगळा फायदा गेला. पण तळमजल्यावर, पूररेषेच्या आत ब्लॉकबोर्ड नको, पट्ट्यांमधल्या फटी पाणी धरून ठेवतात. म्हणून शटरच मधून तोडलं. खाली एक, वर एक, दोन्ही प्लायची. छोट्या शटरला वाकायला वावच कमी. डिझायनर मंडळींना मधली रेघ खुपेल. खुपो.

१९ मे

शेजारच्यांनी पडवीचा स्लॅब १४ तारखेला टाकला. आज विचारायला आले, सेंटरिंग (स्लॅबखालचे पाट आणि टेकू) काढू का, कारण कुठेतरी वाचलं की स्लॅबचं तीन दिवसांत काढता येतं. प्लायचा विषय नाही, पण घोळ तोच. आयएस ४५६ मध्ये तीन दिवस आहेत खरे. स्लॅबच्या खालचा पाट काढायला, आणि तोही टेकू लगेच परत लावायच्या अटीवर. लिहिणाऱ्याने अट खाल्ली. टेकू काढायला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्यापुढे १४. हेही साध्या ओपीसी सिमेंटचं आणि १५ अंशांच्या वर तापमान असतानाचं. गोण्या बघितल्या तर पीपीसी, म्हणजे पोझोलाना मिसळलेलं सिमेंट. ते सावकाश ताकद धरतं. गाळा पाच मीटरचा. १४ दिवस झाल्याशिवाय हात लावू नका आणि तेव्हाही आधी इंजिनिअरला विचारा म्हटलं. पाणी मारणं मात्र सुरू होतं, पोती ओली होती. चांगलं.

जाता जाता त्यांच्या वाळूच्या हिशेबातही 'ब्रास म्हणजे १०० चौरस फूट' सापडलं. वाळू, खडीचा ब्रास १०० घनफूट. प्लास्टर, फरशीचा १०० चौरस फूट. एकाच बिलात दोन्ही येतात, आणि लेखाने एकच व्याख्या दिली की वाळू भलतीच निघते.

२६ मे

पाऊस. गेले काही दिवस वळवाचा म्हणत होतो, पण मान्सूनच आला, मे संपायच्या आत. आज मुंबईतही पोचल्याची बातमी. आमचं वेळापत्रक ७ जूनच्या मृगाच्या हिशेबाने होतं. शटर अजून एका बाजूने सनमायका लावून भिंतीला टेकवलेली. सकाळी दोरा धरून बघितला, एकाला जवळजवळ अर्ध्या सेंटिमीटरचा बाक.

'आतून नुसता रंग दिला तरी चालतो, पैसे वाचवा' हा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचला. एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू उघडी, म्हणजे एक बाजू ओल घेते, दुसरी घेत नाही, फळी वाकणारच. आतून ०.८ मिमीचा, बाहेरून १ मिमीचा, दोन्ही एकाच दिवशी लावले की ताण सारखा राहतो. आज सगळं काम थांबवून आतल्या बाजू लावून घेतल्या, सपाट ठेवून वर वजन. बाक काढायला तेवढं पुरलं नाही तर ते एक शटर नवीन.

'प्लाय लाकडासारखा फुगत नाही' हेही अर्धंच. आडवेउभे थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून लांबी-रुंदीत फारसा फरक पडत नाही. जाडीत त्याला धरणारं कोणी नाही, तिथे तो लाकडासारखाच फुगतो. म्हणून कड.

सीलरचे दोन हात कडांना, मग लिपिंग. मिस्त्री कुरकुरले, वेळ जातो म्हणून. त्यांना त्यांचंच १० एप्रिलचं वाक्य ऐकवलं.

४ जून

बसवणी. क्लिपच्या बिजागऱ्या काकूंनी स्वतः काढून-घालून बघितल्या. पहिल्यांदा जमेना, अंगठ्याने कुठे दाबायचं ते कळल्यावर चारही शटर उतरवून दाखवली. बाक आलेलं शटर सरळ झालं नाही, बदललं.

स्क्रूचा एक मुद्दा कागदात राहिला होता. 'प्लायमध्ये स्क्रू कुठूनही घट्ट बसतो.' सपाट बाजूने बसतो. कडेतून मारला तर तो थरांच्या मधे शिरतो आणि पाचर मारल्यासारखे थर उघडतात. आधी बारीक भोक पाडायचं, कडेपासून अंतर ठेवायचं, आणि वजन पेलणारा जोड शक्यतो कडेवर टाकायचा नाही.

११ जून

कागद झाला, दोन्ही पानं भरली. पहिल्या पानावर फक्त शिक्का कसा वाचायचा आणि कडा. ग्रेडची माहिती दुसऱ्या पानावर ढकलली, मुद्दामच. पुराचा भाग वेगळा चौकटीत, कारण तो फक्त इथल्या लोकांच्या कामाचा. रत्नागिरीच्या डोंगरावर राहणाऱ्याने कडप्प्याच्या मागे लागू नये.

मुलाला फोटो पाठवला. त्याचा प्रश्न आला, एवढं सगळं बरोबर कशावरून? रास्त आहे. त्याला मानकांचे क्रमांक दिले आणि ठाण्यात कुठल्याही दुकानात व्हर्नियर घेऊन जा म्हटलं.

बाकी कामं : सिंकच्या पाइपाचा जोड थेंब-थेंब गळतोय, प्लंबरला बोलवायचं. खालच्या एका शटरची बिजागरी दोन आटे घट्ट करायची. जुना पार्टिकल बोर्ड अजून काकूंच्या अंगणात पडलाय, पावसात भिजून वजन दुप्पट झालंय, टेम्पो लागेल. जीएसटीचं बिल करताना 'बीडब्ल्यूआर, आयएस ३०३' असं पूर्ण लिहायचं, नुसतं 'वॉटरप्रूफ प्लाय' नाही.